मूल्यमापन कशासाठी?

शाळेत मुलाचे मूल्यमापन तीन कारणांसाठी होते. मुलाला काय येते आणि कुठे अडते हे शिक्षकाला कळावे, हे पहिले कारण. तो पुढच्या वर्गात जायला तयार आहे का हे ठरावे, हे दुसरे. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असले की निवड करता यावी, हे तिसरे. शाळा बरी चालली आहे की नाही हे सरकारला आणि पालकांना समजावे, हा चौथा हेतूही आता त्यात येऊन बसला आहे. खरा पेच हा की ही सारी कामे एकाच गुणपत्रिकेवर टाकली जातात आणि ती एकमेकांच्या आड येतात. पहिल्या कामासाठी मुलाने चूक उघड केली पाहिजे; निवडीच्या वेळी मात्र ती झाकण्यातच त्याचे हित असते.

८३ वजा ४७ याचे उत्तर एखादे मूल ४४ लिहिते. गुण शून्य. पण ते उत्तर आंधळे नाही. सातातून तीन गेले चार, आठातून चार गेले चार; लहान अंक मोठ्यातून वजा करायचा असा नियम मुलाने स्वतःच बांधला आहे आणि तो इमानाने पाळला आहे. त्याला वजाबाकी येते, हातचा येत नाही. शिक्षकाला उद्या काय शिकवायचे ते या चुकीतूनच कळते आणि शून्य लिहिताच नेमके तेच नाहीसे होते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही केवळ शेरे मिळालेली मुले पुढच्या कामात सुधारली. शेऱ्यासोबत गुण मिळालेल्या मुलांना तसा फायदा झाला नाही.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात गुणांशिवायच्या शिकण्याचे टोकाचे रूप दिसते. इंद्र आणि विरोचन हातात समिधा घेऊन प्रजापतीकडे आत्मज्ञानासाठी येतात आणि बत्तीस वर्षे राहतात. पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाहा, असे प्रजापती सांगतो. दोघेही समाधानाने निघतात. विरोचन थेट असुरांत जाऊन शरीर हाच आत्मा असे शिकवू लागतो. इंद्राला वाटेतच शंका येते: शरीर आंधळे झाले तर हा आत्माही आंधळा होणार, शरीर गेले तर तोही जाणार. तो परत फिरतो आणि असे पुन्हा पुन्हा होऊन एकूण १०१ वर्षे शिकतो. येथे कोणी कोणाला नापास केलेले नाही. उत्तर अपुरे आहे हे विद्यार्थ्यालाच कळावे लागते आणि परत येणाऱ्याला दार उघडे असते. मात्र विरोचनाला कोणी थांबवतही नाही. प्रजापतीला ते परवडते. सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेला परवडणारे नाही. स्वतःची चूक ओळखणे हीदेखील शिकवावी लागणारी गोष्ट आहे.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला. महाराष्ट्रात त्याच वर्षी आकारिक आणि संकलित अशी विभागणी आली: निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प एका बाजूला, सत्राची लेखी परीक्षा दुसऱ्या बाजूला. कल्पना चांगली होती. मोठ्या पटाच्या वर्गात मात्र वर्णनात्मक नोंदी हे कागदकाम झाले, छापील तयार नोंदी उतरवल्या जाऊ लागल्या आणि ‘ढकलपास’ हा शब्द रूढ झाला. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्याला पुनर्परीक्षा मिळते. तीही हुकली तर तोच वर्ग. वर्ग पुन्हा केल्याने हातचा आपोआप येत नाही, ही गोष्ट या वादात फारशी कोणी काढत नाही.

तरीही निवडीच्या परीक्षेला सरसकट दोष देणे अन्यायाचे ठरेल. दहावीच्या बोर्डाची उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुलाचे नाव, जात, गाव ठाऊक नसते. ओळखदेख नसलेल्या घरातल्या मुलाला हा परकेपणाच आधार देतो. शिक्षकाच्या मतावर सारे सोपवले तर तो आधार सुटेल. उलट वर्गातले मूल्यमापन ओळखीशिवाय होऊच शकत नाही. हे मूल का चुकले हे त्या मुलाला पाहूनच कळते. एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष, म्हणून ही दोन कामे वेगळी ठेवणेच शहाणपणाचे.

राज्यातली शिष्यवृत्ती परीक्षा कागदावर तशी वेगळी आहे. तिच्या इयत्ता बदलत आल्या आहेत: कधी चौथी आणि सातवी, कधी पाचवी आणि आठवी. ती ऐच्छिक आहे आणि तिच्या निकालावर मुलाचा पुढचा वर्ग अवलंबून नसतो. पण किती मुले गुणवत्ता यादीत आली यावर शाळेचे नाव ठरू लागले, की जादा तास सुरू होतात, वेळ यादीत येऊ शकणाऱ्या मुलांकडे वळतो आणि ४४ लिहिणारे मूल मागच्या बाकावर राहते. हेतू वेगळे लिहून ठेवले तरी निकालाची पाटी शाळेच्या फाटकावर लागते तोवर ते वेगळे राहत नाहीत.