परत न करता येणारे शब्द

इंग्रजीतले कोणकोणते शब्द मुळात अरबी आहेत, याच्या याद्या हल्ली फार आवडीने वाचल्या जातात. अल्जिब्रा, अल्कोहोल, ॲडमिरल, मॅगझिन. यादी संपली की एकाला अरबांच्या विद्येचा अभिमान वाटतो आणि दुसरा विचारतो, मराठीत घुसलेले असे शब्द आपण कधी काढणार? दोघांचे गृहीतक एकच आहे : शब्द ज्या कुळातला, त्याच कुळाच्या मालकीचा. हैदराबादेतल्या अफझलगंजच्या नावाला हे गृहीतक लावून पाहावे. मराठी माणसाला अफझल म्हटले की विजापूरचा सरदार आठवतो, पण हे नाव पाचव्या निजामाचे, अफझलउद्दौलांचे. ‘अफझल’ अरबी. ‘गंज’ फारसी म्हणावा, तर संस्कृतातही तो कोशागार या अर्थाने सापडतो आणि तिथेही इराणी भाषांकडूनच आलेला मानला जातो. साखरेचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि युरोपात जाऊन शुगर झाली. मग शुगर अरबी की संस्कृत? यादी करणारा जिथे थांबेल, तिथली.

भाषा सगळ्यांचीच असते, काहीही घ्या, असे म्हणून हा प्रश्न उडवून लावणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. त्यांना शब्दांविषयी आस्थाच नसते. भाषाशुद्धीवाल्यांना ती असते, म्हणून त्यांना उत्तर देणे भाग आहे. त्यांचा सर्वात समर्थ प्रतिनिधी माधव जूलियन. 1925 मध्ये ‘फार्सी-मराठी कोश’ देणारा हा कवी, त्याच माणसाने 1938 मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. त्याला हे शब्द कळत नव्हते, असे म्हणण्याची सोयच नाही. स्वभाषेत शब्द असताना परका का वापरावा, हा या पक्षाचा मूळ प्रश्न. पण त्यात एक गोष्ट न तपासता मान्य केलेली आहे : दोन शब्द एकच काम करतात ही. सावरकरांनी रूढ केलेला ‘दिनांक’ अर्जाच्या रकान्यात पक्का बसला, हे यश मोठे आहे. तरी कोर्टात अजून तारीखच पडते. ‘दिनांक पडला’ असे कोणी म्हणत नाही, कारण तारखेत पक्षकाराचा हेलपाटा आहे, वकिलाची फी आहे, पुढच्या तारखेची धास्ती आहे. दिनांकात फक्त आकडा आहे.

याहून खोलवर गेलेले शब्द शेतात सापडतात. अरबी ‘मशक्कत’ म्हणजे कष्ट, हाल. मराठीत तिची ‘मशागत’ झाली आणि अर्थ झाला जमीन नांगरून, कुळवून पेरणीला तयार करणे. अरबी ‘खरीफ’ म्हणजे शरद ऋतू, पीक हाती येण्याचा काळ. आपला शेतकरी खरिपाची पेरणी जूनमध्ये करतो. अरबाला हे शब्द परत दिले तर त्याला ते ओळखूही येणार नाहीत. माझ्या मते खरा भेद देशी आणि विदेशी असा नाहीच. परत करता येतो तो शब्द उसना. ज्याचे रूप, अर्थ आणि काम इतके बदलले की परत करताच येत नाही, तो आपला. ॲडमिरल इंग्रजांचा कसा झाला, हेही याच कसोटीवर कळते : ‘अमीर-अल’ म्हणजे ‘अमुकचा सेनानी’, त्यातला अमुक वाटेतच गळून पडला आणि उरलेल्या तुकड्याचा नौदलातला हुद्दा झाला.

हे शब्द तलवारीच्या जोरावर आले, असा आक्षेप येईल. शिवाजी महाराजांनी ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतलाच होता ना? होता, आणि योग्यच होता. मुजुमदाराचा अमात्य करणे ही सार्वभौमत्वाची खूण होती; दरबाराची भाषा राजाने ठरवावी. पण त्याच राज्यात पुढे मुख्य प्रधानाला लोक पेशवाच म्हणत राहिले. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या मुलांवर उर्दू माध्यम लादले गेले, तो अन्याय होता आणि त्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मात्र सक्ती माध्यमाची होती. ‘मशागत’ उच्चारायला निजामाचा शिपाई बांधावर उभा नव्हता.

उलट फर्मानाने शब्द रुजवू पाहण्याचा मोठा प्रयोग याच हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठ 1918 मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले आणि त्याच्या भाषांतर विभागाने, दारुल तर्जुमाने, शास्त्रांची परिभाषा मोठ्या प्रमाणावर अरबी धातूंवरून घडवली. विद्वान अस्सल होते, पैसा होता, राजाश्रय होता. 1948 नंतर माध्यम बदलले आणि ती परिभाषा इथल्या वर्गांतून निघून गेली. अरबी धातू चालवणारे ते पंडित आणि संस्कृत धातू चालवणारे आपले पंडित एकमेकांचे विरोधक समजले जातात. मला ते सख्खे भाऊ वाटतात. दोघांनाही शब्दाला जन्म देणारा धातू दिसतो, त्याला वापरून झिजवणारी जीभ दिसत नाही. दारुल तर्जुमाची परिभाषा हैदराबादेतच विसरली गेली, आणि त्याच संस्थानातून महाराष्ट्रात आलेल्या बीड-परभणीच्या शिवारात मृगाच्या आधी मशागत उरकण्याची घाई आजही असते.