आजारी माता-पित्यांची सेवा : सब्र, प्रयत्न आणि खेळ

दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये एकमेव अल्लाहच्या उपासनेच्या आदेशाला लागूनच माता-पित्यांशी सद्व्यवहार करण्याचा आदेश आला आहे (17:23). ते वार्धक्याला पोहोचले तर त्यांच्यासमोर 'उफ' इतकाही नाराजीचा उद्गार काढू नये, त्यांच्याशी सन्मानाने बोलावे आणि दयार्द्र होऊन त्यांच्यापुढे नम्र व्हावे, अशी ही शिकवण आहे. आपल्या घरांतून ती लहानपणापासून मनावर बिंबवली जाते. म्हणूनच वडिलांना पक्षाघाताचा झटका येतो किंवा अपघातात आईच्या मणक्याला इजा होऊन पाय निकामी होतात, तेव्हा मुले, मुली आणि सुना आपापली कामे बाजूला ठेवून सेवेला लागतात. ही अल्लाहची मोठी नेमत आहे, यात शंका नाही.

परंतु या सेवेतूनच एक प्रश्न उभा राहतो. अब्बांचा उजवा हात चालत नाही, म्हणून घास कोणीतरी त्यांच्या तोंडात भरवतो. डावा हात चालतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. अम्मींनी व्हीलचेअरवरून अंगणात जाण्याची इच्छा व्यक्त केली, तर त्यांना आराम करण्यास सांगितले जाते. आणि डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने एखाद्या खेळाचे नाव काढले, तर घरात आश्चर्य व्यक्त होते. या वयात आणि अशा अवस्थेत खेळ? लोक काय म्हणतील? अल्लाहची मर्जी समजून सब्र करावा, हेच बरे नव्हे काय?

हा आक्षेप प्रेमापोटी येतो, म्हणूनच त्याचा गांभीर्याने विचार केला पाहिजे. त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत. सब्र म्हणजे प्रयत्न सोडून देणे काय? आणि माता-पित्यांची सेवा म्हणजे त्यांच्या वतीने सर्व काही करणे, त्यांच्या वतीने निर्णयही घेणे काय?

सब्राचा विषय निघाला की हजरत अय्यूब (अ.) यांचे नाव सर्वप्रथम ओठांवर येते. त्यांची आजारपणातील कसोटी सर्वांना ठाऊक आहे. परंतु सूरह सॉदमध्ये त्यांच्या आरोग्यप्राप्तीचे जे वर्णन आले आहे, त्यातील एका गोष्टीकडे आपले फारसे लक्ष जात नाही. अल्लाहने त्यांना आपला पाय जमिनीवर मारण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर स्नानासाठी व पिण्यासाठी थंड पाणी उपलब्ध झाले (38:42). सर्वसमर्थ अल्लाह त्यांच्या कोणत्याही हालचालीविना त्यांना बरे करू शकत होता. तरीही थकलेल्या, पीडित देहाकडून एक छोटीशी कृती करवून घेतली गेली. आणि त्याच प्रसंगाच्या शेवटी कुरआन त्यांची गणना सब्र करणाऱ्यांत करतो (38:44). म्हणजे सब्र आणि प्रयत्न ही परस्परविरोधी नावे नाहीत. सब्र म्हणजे अल्लाहच्या निर्णयाविषयी मनात कटुता न बाळगता, जे आपल्या हातात उरले आहे ते करीत राहणे. उपचार घेण्याची शिकवण आणि उंटाला बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी याच अर्थाने दिली आहे (तिर्मिजी).

आता नमाजचे उदाहरण घ्या. हजरत इमरान बिन हुसैन (र.) यांनी आपल्या आजारात नमाज कशी अदा करावी, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) त्यांना उभे राहून, ते शक्य नसेल तर बसून आणि तेही शक्य नसेल तर कुशीवर राहून नमाज अदा करण्यास सांगितले (बुखारी). ज्याला रुकू आणि सजदा करता येत नाही, तो मस्तकाच्या इशाऱ्याने करतो. इथे शरीअतने आजाऱ्याला बाहेर काढले नाही. त्याच्या देहाला जमेल अशी पद्धत त्याला दिली. बसून नमाज पढणाऱ्याची नमाज कमी प्रतीची आहे, असे आपण कधी म्हणत नाही. पद्धत बदलली, सहभाग कायम राहिला. जे तत्त्व अल्लाहने आपल्या उपासनेत मान्य केले, ते जीवनाच्या इतर क्षेत्रांत नाकारण्याचा अधिकार आपल्याला कोठून मिळाला?

दिव्यांगांसाठी नियम बदलून घडवलेल्या खेळांमागेही हेच तत्त्व आहे. त्यांचा इतिहास उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाविषयी डॉक्टरही आशा सोडून देत. त्याला अंथरुणात निजवून ठेवले जाई आणि शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांमुळे असे बहुतेक रुग्ण लवकरच दगावत. नाझी जर्मनीतून 1939 मध्ये निर्वासित होऊन इंग्लंडला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये स्टोक मॅंडेव्हिल येथील रुग्णालयात अशा रुग्णांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक त्यांनी घातला. मग त्याला उठवून बसवले, काम दिले आणि खेळायला लावले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन होत असतानाच, व्हीलचेअरवरील 16 स्त्री-पुरुषांनी त्या रुग्णालयाच्या आवारात धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्यातूनच पुढे 1960 मध्ये रोम येथे पहिली पॅरालिम्पिक स्पर्धा भरली. ज्या तिरंदाजीला प्रेषितांनी (स.) उत्तेजन दिले, तीच निकामी पायांच्या माणसांची पहिली स्पर्धा ठरावी, हा योगायोग मुस्लिम वाचकाला विशेष वाटावा असा आहे.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर हे सैनिक 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. पुढे ते पोहण्याकडे वळले आणि 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दोन मुलींची आई असलेल्या दीपा मलिक यांच्या मणक्यातील गाठीवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांचा छातीखालील देह लुळा पडला. 2016 मध्ये रिओ येथे गोळाफेकीत रौप्यपदक जिंकून पॅरालिम्पिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

मात्र ही नावे वाचून गैरसमज होऊ नये. खेळाने तुटलेला मज्जारज्जू सांधला जात नाही. खेळाचे काम वेगळे आहे. दंड आणि खांदे बळकट झाले, की माणूस स्वतःच्या बळावर अंथरुणातून खुर्चीत सरकू शकतो. हातांवर भार देऊन आसनावरून अंग उचलू शकतो आणि शय्याव्रणापासून वाचतो. धडाचा तोल सुधारतो, झोप लागते, भूक लागते. पक्षाघातानंतर एकच हालचाल पुन्हापुन्हा केल्याने मेंदू ती काही प्रमाणात नव्याने शिकू शकतो आणि खेळात ही पुनरावृत्ती कंटाळा न येता होते. याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिवसभर 'रुग्ण' म्हणून वागवला जाणारा माणूस तेवढा वेळ कोणाचा तरी प्रतिस्पर्धी, कोणाचा तरी साथीदार असतो. पाय परत आले नाहीत, तरी माणूस परत येतो. शिफाचा हाही एक अर्थ आहे.

दुसरा प्रश्न निर्णयाचा. हजरत अम्र बिन जमूह (र.) एका पायाने लंगडे होते. उहुदच्या प्रसंगी त्यांच्या मुलांनी त्यांना घरी थांबवण्याचा प्रयत्न केला. अल्लाहने तुम्हाला सवलत दिली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते खोटे नव्हते. अम्र (र.) यांनी ही तक्रार प्रेषितांपुढे (स.) मांडली. प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले, की तुमच्यावर ही जबाबदारी नाही, आणि मुलांना सांगितले, की त्यांना अडवू नका. तो प्रसंग युद्धाचा होता आणि आपला विषय निराळा आहे. परंतु सवलत कोणाची असते, याचा निवाडा या प्रसंगात झाला आहे. सवलत हा आजाऱ्याचा हक्क आहे. तो घ्यावा की नाही, हे त्याने ठरवायचे. मुलांनी ती वडिलांच्या पायातली बेडी करू नये.

इथे सूरह बनी इस्राईलकडे पुन्हा वळले पाहिजे. ज्या सूरहमध्ये माता-पित्यांशी सन्मानाने बोलण्याचा आदेश आहे, त्याच सूरहमध्ये अल्लाहने आदमच्या संततीला प्रतिष्ठा दिल्याची घोषणा आहे (17:70). ही प्रतिष्ठा हातापायांच्या बळावर अवलंबून नाही. अब्बांना न विचारता त्यांच्याविषयीचे निर्णय घेणे, पाहुण्यांसमोर ते जणू तेथे नाहीतच अशा थाटात त्यांच्या आजाराची चर्चा करणे, हा 'उफ' नव्हे. परंतु सन्मानाचे बोलणेही नव्हे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. काही मुले उत्साहाच्या भरात आईवडिलांना 'हिंमत' दाखवण्याची सक्ती करतात. हाही अन्यायच आहे. सबल मोमिन अल्लाहला अधिक प्रिय आहे, असे सांगताना प्रेषितांनी (स.) सबल आणि दुर्बल अशा दोघांतही भलाई असल्याचे सांगितले आहे (मुस्लिम). ज्यांचा देह साथ देत नाही किंवा ज्यांना खेळाची इच्छा नाही, त्यांचा दर्जा कमी होत नाही. आजाऱ्याला त्याच्या निरोगी दिवसांतील नेक कर्मांचे पुण्य मिळत राहते, ही शुभवार्ता (बुखारी) त्यांच्यासाठी आहे. आपले काम विचारण्याचे आणि वाट मोकळी करण्याचे आहे, ढकलण्याचे नव्हे.

वाट मोकळी करायची म्हणजे काय? सर्वप्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब, हृदय आणि त्वचेची स्थिती पाहूनच व्यायाम ठरवावा. मुंबईत हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. इतर शहरांतही शासकीय रुग्णालयांचे भौतिकोपचार विभाग आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या 2016 च्या कायद्याने क्रीडेतील सहभाग हाही त्यांचा हक्क मानला आहे. घरात सुरुवात साधी असावी. व्हीलचेअरच्या उंचीला येईल असा कॅरम मांडावा आणि चालत्या हाताने डाव खेळू द्यावा. बसल्याजागी चेंडू लक्ष्याजवळ टाकण्याचा 'बोशिया' हा खेळ तर गंभीर दिव्यांगांसाठीच आहे. अम्मींच्या बाबतीत पडद्याचा प्रश्न येईल. महिला फिजिओथेरपिस्ट, महिलांसाठी राखीव वेळ आणि योग्य पोशाख यांची सोय करणे ही आपली जबाबदारी आहे. पडद्याचे निमित्त करून त्यांना कोंडून ठेवणे हा पडद्याचा आदर नव्हे. मशिदींच्या विश्वस्तांनी दाराशी उतार बांधला, तर जुमाच्या नमाजला व्हीलचेअरवरील एखादे बुजुर्ग स्वतःच्या हातांनी चाके फिरवीत येऊ शकतील.

आपण लहान असताना आईवडिलांनी आपल्याला चालायला शिकवले. आपण पडू, हे त्यांना माहीत होते. तरी त्यांनी हात सोडला आणि जवळ उभे राहिले. आज त्यांच्या सेवेत आपल्याकडूनही तेवढ्याच धैर्याची अपेक्षा आहे. अल्लाह आजारी माता-पित्यांना शिफा देवो, त्यांचा सन्मान आपल्या हातून राखला जावो आणि त्यांच्या इच्छेचा आदर करण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना लाभो. आमीन.