पाऊस जा म्हणायचं नाही

बव्हेरियात सुट्टीचा बेत आखायचा तर निम्मं गणित रजेचं आणि निम्मं ढगांचं. फिंग्स्टनची शाळेची सुट्टी, नवऱ्याची रजा आणि गावाकडून आलेल्या सासू-सासऱ्यांचा व्हिसा हे सगळं कसंबसं एका आठवड्यात बसवलं आणि गार्मिशजवळ एका शेतकरणीच्या घराचा वरचा मजला घेतला. सगळ्यांना ओढ होती ती त्सुगश्पित्सची. २९६२ मीटर उंचीचं हे जर्मनीतलं सर्वांत उंच शिखर. आभाळ स्वच्छ असेल तर वरून चार देशांतले डोंगर दिसतात. नसेल तर भरभक्कम तिकीट काढून ढगात उभं राहायचं.

अंदाज पावसाचा होता. आईंनी फळीवरच्या गणपतीला हात जोडले. "गुरुवारी तेवढं ऊन पडू दे. एकवीस मोदक करीन." अण्णा चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "पाऊस जा म्हणायचं नाही. दुसरं काय बी माग."

अण्णा दहिवडीकडचे. माण तालुक्यात पाऊस पाहुण्यासारखा येतो, तोही न जेवता जाणारा. १९७२ च्या दुष्काळात ते शाळकरी पोर होते. आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि तिथे मिळणारी सुकडी खायचे. सुकडीचा विषय निघाला की अजूनही त्यांचा चेहरा बदलतो. अशा माणसासमोर सहलीसाठी पाऊस थांबवायची भाषा करणं मलाही जड गेलं. पण माझ्यातली शिकलेली बाई गप्प बसेना. "अण्णा, हा अटलांटिकवरून येणारा कमी दाबाचा पट्टा. मोदकांनी तो हलायचा नाही, मग मागितलं काय नि न मागितलं काय?"

"न्हाई हलला तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "पण हलला तर?"

या 'हलला तर'ने मला पुढे कितीतरी दिवस छळलं. देव ऐकतो का, यावर आपण शतकानुशतकं वाद घातला. ऐकलंच, तर आपण मागितलेलं कुणाच्या ताटातून निघालं, हे कोण विचारतं?

वाद इथेच संपला असता, पण खाली राहणाऱ्या शेतकरणीने तो फिरवला. तिला विचारलं तर म्हणाली, मलाही ऊन हवंय. जूनमध्ये गवत कापायचं, पसरून वाळवायचं, उचलून आत न्यायचं. त्याला ओळीने तीन कोरडे दिवस लागतात. मध्येच पाऊस आला तर हिवाळ्याचा चारा कुजतो. म्हणजे अण्णांचा माणदेशी नियम आल्प्सच्या पायथ्याशी उलटा पडला की काय? मी ते त्यांना सांगितलं. जरा वेळ विचार करून ते म्हणाले, "मग तिला मागू दे. ज्याचा चारा, त्यानं मागावं."

इथल्या कॅथलिक गावांत पंचवीस एप्रिलपासून चौदा सप्टेंबरपर्यंत, म्हणजे पिकं उभी असतात त्या काळात, प्रार्थनेच्या शेवटी हवामानाचा आशीर्वाद देतात. वीज, गारा यांपासून रक्षण कर, जमिनीचं फळ पदरात पडू दे, असा त्याचा आशय. सहलीची सोय त्यात कुठेच नाही. अण्णांना हे फार पटलं.

गुरुवारी सकाळी वेबकॅमवर शिखराच्या जागी नुसता राखाडी रंग. मग होहेनपाइसेनबर्गला गेलो. ही ठेंगणी टेकडी, हजार मीटरही नाही, माथ्यावर मेरीचं यात्रास्थान. पण इथे रोटेनबुखच्या मठातल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी १७८१ पासून हवेच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. आदल्याच वर्षी मानहाइममध्ये हवामानाची संस्था निघाली होती. तिने ठिकठिकाणी सारखी उपकरणं दिली आणि वेळाही ठरवून दिल्या: सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. १८०३ मध्ये मठ बंद झाला, तरी पुढच्या पाद्र्यांनी काम सोडलं नाही. बाजूला वेदी, वर तापमापक. प्रार्थनेत हवं ते मागत असतील बिचारे, पण नोंदवहीच्या रकान्यात आपल्याला काय हवं होतं ते लिहायला जागा नसते. आहे ते लिहायचं. मला तीही उपासनाच वाटते, आणि माझ्या स्वभावाला जास्त मानवणारी.

त्यांच्यातलाच एक क्रिस्टोफ ओट. समोरचं त्सुगश्पित्स बोडकं दिसतं याचं त्याला वाईट वाटे. त्याच्या खटपटीने १८५१ मध्ये तुकडे करून वर नेलेला सोनेरी मुलाम्याचा लोखंडी क्रूस माथ्यावर उभा राहिला. विजांनी त्याची इतकी दैना केली की तो खाली आणून दुरुस्त करावा लागला आणि १८८२ मध्ये पुन्हा वर चढवला. आईंना हे ऐकून धक्का बसला. "हवेचा अभ्यास करणाऱ्याचा, तोही देवाचा क्रूस, आणि वीज त्याच्यावरच?"

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच गोष्टी लागतात असं म्हटलंय: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना खटपटी, आणि पाचवं दैव. दैवाला यादीत जागा आहे, पण शेवटची आणि एकच. उरलेल्या चार गोष्टींत आळस केला तर दैवाकडे बोट दाखवायची सोय नाही. मी घर रद्द करता येईल असंच घेतलं होतं, रेनकोट बांधले होते, डोंगराचं तिकीट त्या सकाळपर्यंत काढलं नव्हतं. पाचव्याची खुर्ची रिकामी ठेवली होती. आई मात्र तिथे नारळ ठेवल्याशिवाय राहत नाहीत. "मागायचंच नाही तर देवाशी बोलायचं तरी काय?" हा त्यांचा प्रश्न, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. नुसत्या नोंदी ठेवून कुणाशी नातं जुळत नाही, हे त्यांचं खरंच आहे.

परतताना गाडीत आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अहो, त्या बाईच्या गवतासाठी मागितलं तर चालेल ना?"

"किती दिवस पायजेत तिला?"

"तीन."

"मग तीनच माग."

"आणि त्या तीन दिवसांत आपण वर जाऊन आलो तर?"

अण्णांनी खिडकीबाहेर बघत विचार केला. "त्याला काय हरकत न्हाई."