जीप ठेवावी, खोलावी की मोडीत द्यावी?



आपल्या मिशनच्या जीपची नोंदणी 2026 मध्ये पुन्हा संपते आहे. गाडी 1996 सालची. पहिली पंधरा वर्षे 2011 मध्ये भरली, त्यानंतर कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी पासिंग करून घेत आपण ती वापरत आलो. आता तीस वर्षे होतील. मिस्सेनंतर अंगणात तीन मते ऐकू येतात: आहे तशी चालू द्या, पूर्ण खोलून नव्यासारखी करा, किंवा विकून टाका आणि नवी घ्या. बोलणारे सगळे मनापासून बोलतात. पण जी कारणे सांगितली जातात ती आम्हाला अपुरी वाटतात, म्हणून हा प्रपंच.

नाशिकमध्ये जीप ही नुसती गाडी नसते. महिंद्राने 1947 पासून मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. पुढे सातपूरला कारखाना आला, इगतपुरीला इंजिनांचा आला. 2000 सालची बोलेरो आणि 2002 सालची स्कॉर्पिओ आपल्याच शहरातून बाहेर पडल्या. कित्येक घरांची चूल या कारखान्यांवर आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या सातपूर-अंबडच्या शेडवर पेटली. त्यामुळे आपल्याकडे जीपचा विषय निघाला की प्रत्येक जण मेकॅनिक होतो, आणि खरे सांगायचे तर निम्मे खरोखरच असतात!

अशाच एका जाणत्या मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेऊन खालून पाहिली. इंजिन बोअरला आले आहे, पंप आणि नोझल करावे लागतील, पुढच्या किंगपिन गेल्या आहेत, पाट्यांचे बुश संपले आहेत, हे अपेक्षितच होते. पण त्यांनी चासीवर हातोडी मारली तेव्हा मागच्या बाजूला एके ठिकाणी खणखणीत आवाज आला नाही. भद्द आला. पेठ-हरसूलकडचा तीस वर्षांचा पाऊस तिथे आतून बसला होता. वरून रंग शाबूत होता.

आता प्रश्न असा की इंजिन नवे, पंप नवा, चासीला जोड, पत्राकाम, वायरिंग, हूड असे सगळे बदलल्यावर उरते ती आपलीच जीप का? सेमिनरीत हा प्रश्न आम्हाला ग्रीकांच्या जहाजाच्या रूपाने शिकवला होता. अथेन्सच्या लोकांनी थिसियसचे जहाज जपले, कुजलेली एकेक फळी बदलत गेले, आणि तत्त्वज्ञ भांडत बसले की हे तेच जहाज की दुसरे. प्लूटार्कने ती हकिकत नोंदवून ठेवली आहे. पण त्यासाठी ग्रीसला जायची गरज नाही. भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला हेच विचारले होते: महाराज, आपण रथातून आलात, मग रथ म्हणजे आस का? चाके का? जू का? यांतले एकही रथ नाही. ते सगळे जुळून आल्यावर आपण देतो ते नाव म्हणजे रथ.

आमचे शिक्षण ॲरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्वायनस यांच्या वळणाचे, त्यामुळे आम्ही एक पायरी पुढे विचारतो: ते सगळे कशासाठी जुळून आले? वस्तू कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती काय आहे हे पुरते कळत नाही, असे ते सांगतात. आपली जीप पाड्यांवर जाण्यासाठी आली. मिस्सेचे सामान, शाळेची पुस्तके, आजारी माणसे, आणि कधी सिव्हिल हॉस्पिटलमधून घरी न्यायचा देहसुद्धा तिने वाहिला. ते काम हेच तिचे स्वरूप असेल, तर जुने लोखंड धरून बसणारा ती राखतो आहे असे म्हणता येणार नाही. उद्या दुसरी गाडी तेच काम करू लागली तर जीप राखली गेली असे म्हणायला हरकत नसावी.

हा युक्तिवाद आम्हाला आवडतो, पण तो आणखी एका जागी अडतो. ते काम तरी पूर्वीचेच राहिले आहे का? प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 च्या नाताळात सुरू झाली. आपण जातो त्या बहुतेक पाड्यांपर्यंत आता डांबर आहे. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती सगळीकडे वेळेवर पोचते असे नाही, आणि ऐन पावसात झोळी करून माणसाला रस्त्यावर आणावे लागते हेही आपण पाहतो. तरीही पूर्वी जीप एकटीच होती, आता ती एकटी नाही. आम्ही चालकाला विचारले, गेल्या वर्षात फोर-व्हीलचा दांडा किती वेळा टाकला? तो जरा थांबून म्हणाला, ‘फादर, दोनदा. त्यातल्या एकदा बंधाऱ्यावर, पोरांना दाखवायला.’

म्हणजे तशीच दणकट, महागडी गाडी घ्यावी असे म्हणणाऱ्यांनीही थोडे थांबावे.

पैशांचे पाहू. ‘आजवर एवढे घातले, आता टाकून कशी द्यायची’ हे कारण आम्ही बाजूला ठेवतो. खर्च झालेला पैसा कोणत्याही निर्णयाने परत येत नाही. पूर्ण काम काढायचे तर मिस्त्रींचा अंदाज अडीच लाखांचा. साधी नवी गाडी विमा-नोंदणीसह दहा लाखांच्या आसपास. वीस वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 पासून दहा हजार झाले आहे. मार्च 2022 पर्यंत ते सहाशे होते. कॅनन लॉ (1284) सांगतो की मिशनच्या मालमत्तेची काळजी घरातल्या चांगल्या कर्त्यासारखी घ्यावी. चांगला कर्ता अडीच लाख वाचवील खरा, पण आपली मुले त्या गाडीत बसवील का, हेही विचारील.

इथे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते सांगतो. जीपबद्दल जिव्हाळ्याने बोलणारे आम्ही बहुतेक पुढच्या सीटवर बसलेलो असतो. मागे आडव्या बाकांवर, समोरासमोर गुडघे लावून, पट्ट्याशिवाय बसतात ती पाड्यावरची मुले आणि म्हातारी माणसे. नव्या मोटारीत आज पुढे दोन एअरबॅग आणि एबीएस ब्रेक सक्तीचे आहेत. आपल्या जीपला धरायला एक नळी आहे. इंजिन, रंग, हूड हा खर्चाचा प्रश्न आहे, तिथे काटकसर करा, आम्हालाही ती हवी आहे. चासी आणि ब्रेक हा दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि दुसऱ्याच्या जिवावर काटकसर करण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

काही जण पोप फ्रान्सिस यांचे उदाहरण देतात. फादर-सिस्टर्स नव्या मॉडेलच्या गाडीत दिसले की आपल्याला दुःख होते, असे ते जुलै 2013 मध्ये सेमिनरीतल्या तरुणांना म्हणाले होते, आणि त्याच वर्षी एका इटालियन धर्मगुरूंनी दिलेली तीन लाख किलोमीटर चाललेली 1984 ची रेनॉ त्यांनी आनंदाने स्वीकारली. खरे आहे. मात्र ती व्हॅटिकनच्या आत, सपाट रस्त्यावर, स्वतः चालवायला होती. घाटात पंधरा मुले मागे घालायला नव्हे! आम्हाला त्यांचे दुसरे उदाहरण जवळचे वाटते: 2014 मध्ये बेथलेहेमला वापरलेली त्यांची गाडी गाझातल्या मुलांसाठी फिरता दवाखाना करायला त्यांनी दिली, आणि ते काम 2025 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, जगाला कळले. जुन्या गाडीला तिला झेपेल असे काम दिले गेले.

पर्यावरणाचे दोन्ही बाजूंनी बोलता येते. आपले इंजिन भारत स्टेजच्या नियमांच्याही आधीचे, काळा धूर ओकणारे. पण नवी गाडी बनवायलाही पोलाद आणि कोळसा लागतो, आणि आपण वर्षाला फार चालवत नाही. या कारणावर निर्णय लोंबकळत ठेवू नये.

राहिला विकण्याचा प्रश्न. एक दलाल येऊन गेला. त्याने सांगितलेली किंमत भंगाराच्या दुपटीहून अधिक आहे. ही गाडी कुठे जाईल हे त्याने लपवले नाही: सुरगाण्याकडे, प्रवासी भरायला. रंग काढून दिला तर आणखी पाच हजार देईन म्हणाला. जी गाडी आपल्या मुलांना नको ती दुसऱ्यांच्या मुलांना चालेल, असे म्हणून ते पैसे दानपेटीत कसे टाकायचे? आमचे मत असे की चासी दुरुस्त होत नसेल तर गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावी आणि तिथला दाखला घ्यावा. नव्या गाडीच्या नोंदणीत आणि करात त्याची सवलत मिळण्याची तरतूद आहे. दलालाच्या तुलनेत आपले काही हजार जातील. जाऊ द्यावेत.

हौसेने जुनी जीप सजवणारे लोक आहेत, हरियाणात मंडी डबवालीला तर तो मोठा धंदाच आहे. स्वतःच्या पैशाने करणाऱ्याला आमचा आशीर्वाद. आपल्या धर्मग्रामातल्या कोणाला ही जीप तशी अंगणात उभी करायची असेल तर त्याने पुढे यावे. दानाचा पैसा मात्र त्यासाठी नाही.

ज्या कुटुंबाने ही जीप आपल्या दिवंगत मुलाच्या नावे दिली, त्यांचा विचार सर्वात आधी करायला हवा होता असे कोणी म्हणेल. तो केला आहे. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरावे, असा कॅनन 1267 आहे. पाड्यांची सेवा हा तो हेतू होता. तरी आम्ही दात्यांच्या मुलीला फोन केला आणि सुचवले की डॅशबोर्डवरची भावाच्या नावाची पितळी पाटी नव्या गाडीला लावू. त्या म्हणाल्या, ‘नको फादर. नवी गाडी दुसऱ्यांच्या पैशातून येणार. त्यांचं नाव असू द्या. पाटी मला पाठवा.’

अर्थसमितीची बैठक येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आहे. ज्यांना वेगळे वाटते त्यांनी जरूर यावे. तोपर्यंत जीपमधून फक्त सामान जाईल, मागे कोणी बसणार नाही. मंगळवारी हरसूलला जाणाऱ्या सिस्टर्ससाठी कोणी आपली गाडी दिली तर कार्यालयात कळवावे.