पितृऋण आणि फलत्याग

घरातील कर्ता पुरुष आयुष्यभर पहाटे उठून स्नानसंध्या करतो, दिवसभर कष्ट उपसतो, कुटुंब पोसतो, चार माणसांच्या उपयोगी पडतो आणि कोठेही आपले नाव लावीत नाही. त्याच्या पश्चात मुलांना वाटते की, आता तरी या पुरुषाचे नाव कोठे तरी कोरले जावे. येथेच धर्माचा एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो. ज्याने जिवंतपणी नाव स्वेच्छेने टाकले, त्याच्या माथी ते पुन्हा चढविणे हा त्याचा गौरव होय की त्याच्या व्रताचा भंग होय? आणि न चढवावे, तर पितृऋण फिटावे कसे?

या प्रश्नाचा विचार करण्यास कुंभकोणम् क्षेत्रातील एका थोर गृहस्थाचे चरित्र फार उपयोगी पडते. ज्या सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकेश्वरी गोदास्नानाचा योग येतो, त्याच सिंहस्थात कावेरीतीरावरील या क्षेत्री मघा नक्षत्रावर महामहम् नावाचा स्नानसोहळा होतो. २०१६ साली तो झाला. ज्या सरोवरात हे स्नान घडते, त्याच्या काठावरील सोळा मंडप गोविंद दीक्षितांनी बांधविले. तुलादानाचे सोने त्या कामी लागले, असे परंपरा सांगते.

गोविंद दीक्षित हे मूळचे कन्नड भाषी स्मार्त ब्राह्मण, तंजावरच्या अच्युतप्पा आणि रघुनाथ या नायक राजांचे प्रधान. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्याचा आरंभ हा त्यांच्या कर्तृत्वाचा काळ. राज्याचा कारभार त्यांच्या शिरावर होता. तरी श्रौत यज्ञयाग सुटले नाहीत आणि अद्वैताचे चिंतनही थांबले नाही. स्वतः शांकरमताचे असून वैष्णव राजांची सेवा त्यांनी निष्ठेने केली. कुंभकोणम् येथील राजा वेद-काव्य पाठशाळेचे मूळ त्यांच्याकडेच नेले जाते. १५४२ हे तिच्या स्थापनेचे वर्ष मानतात आणि तेथे वेदाध्ययन आजही चालू आहे. लोक त्यांना आदराने ‘अय्यन्’ म्हणत. तंजावरजवळील अय्यमपेट्टै या गावाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात.

अशा पुरुषाला नावाची वाण कशी असेल, असे कोणी म्हणेल. परंतु प्रश्नाची गाठ पुढेच आहे. ‘संगीतसुधा’ नावाचा एक मोठा संस्कृत ग्रंथ रघुनाथ नायकांच्या नावावर आहे. राजा स्वतः विद्वान, कवी आणि वीणेचा मर्मज्ञ होता. त्यामुळे त्यात विसंगत असे काही नाही. मात्र दीक्षितांचे पुत्र व्यंकटमखी यांनी आपल्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथात संगीतसुधेचे कर्तृत्व आपल्या पित्याकडे दिले आहे. पुत्राची ही साक्ष खरी धरली, तर पित्याने आपल्या बुद्धीचे फळ धन्याच्या चरणी ठेवले आणि पुत्राने ते उचलून पुन्हा पित्याच्या पदरात घातले. मग योग्य कोणाचे, पित्याचे की पुत्राचे?

पित्याच्या बाजूने बोलणारा म्हणेल की, फलत्याग एकदा झाला की झाला. गंगेत सोडलेले फूल कोणी परत काढून देवघरात आणीत नाही. भगवंतांनी अठराव्या अध्यायात आसक्ती आणि फल या दोन्हींचा त्याग करून केलेल्या कर्मालाच सात्त्विक त्यागाचे स्थान दिले; त्या त्यागाला मुलाच्या अभिमानाने बट्टा का लावावा? पुत्राच्या बाजूने बोलणारा म्हणेल की, सत्य सांगण्यात अभिमान कसला? ज्याच्या मांडीवर विद्या घेतली, त्याच्या विद्येविषयी मौन पाळणे ही कृतघ्नताच नव्हे काय?

दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते परस्परविरोधी दिसते, याचे कारण त्याग आणि सत्य यांची एकाच तराजूत तुलना केली जाते, हे होय. त्याग हा कर्त्याच्या अंतःकरणाचा धर्म आहे. पित्याने सोडली ती आपली अपेक्षा. जगाने खोटे बोलावे किंवा मुलाने विसरून जावे, अशी आज्ञा त्याने केलेली नसते. अपेक्षा नसलेल्या पुरुषाला कोणी मान दिला, तरी त्याचा त्याग मोडत नाही; तो मोडतो फक्त मानाची वाट पाहिल्याने. किंबहुना, ‘मी नाव टाकले’ हे जो मनात घोळवीत बसतो, त्याच्यापाशी नावापेक्षाही जड असा अहंकार शिल्लक राहतो.

कृतज्ञता हे मुलाचे स्वतःचे कर्तव्य आहे आणि पित्याच्या विरक्तीची सबब सांगून ते त्याला टाळता येत नाही. परंतु फलत्यागाचा नियम येथे मुलालाही लागू होतो. बापाचे नाव घेऊन जो गावात मानाचे पान मागतो, वाटणीच्या वेळी बापाच्या कष्टांचा हिशेब भावापुढे मांडतो, त्याने पित्याने टाकलेले फळ पित्याला दिलेले नसते. स्वतःच्या खात्यावर जमा केलेले असते. स्मरण आणि व्यापार यांतील भेद येथे ओळखावा.

व्यंकटमखींनी काय केले, ते पाहावे. पित्याचे ऋण सांगून ते तेथेच थांबले नाहीत. त्यांनी बहात्तर मेळांची शास्त्रशुद्ध मांडणी केली. त्या काळी त्यांपैकी अवघे एकोणीसच प्रचारात होते. उरलेले येणाऱ्या पिढ्यांसाठी होते. १९०४ साली मुंबईचे पंडित विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेत गेले, तेव्हा या ग्रंथाशी त्यांचा परिचय झाला. उत्तरेच्या रागांना त्यांनी पुढे जी दहा थाटांची बैठक दिली, तिला या मेळविचाराचे साहाय्य झाले. आणि आश्चर्य असे की, भातखंड्यांनीही आपला संस्कृत ग्रंथ ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने प्रसिद्ध केला. विद्येबरोबर नाव मागे ठेवण्याची वृत्तीही जणू वाहत आली.

कुंभकोणम्‌जवळ पट्टीश्वरम् येथील देवालयात गोविंद दीक्षितांची मूर्ती आहे. ती एकटी नाही. शेजारी त्यांच्या धर्मपत्नी नागांबा हात जोडून उभ्या आहेत. यज्ञाला पत्नीवाचून अधिकार नाही, हे शास्त्र सर्वांस ठाऊक असते. पण कर्त्या पुरुषाचे गुण गाताना त्याच्या अग्नीची, अतिथींची आणि अपत्यांची काळजी वाहणारी माऊली बहुधा विसरली जाते. तिने तर टाकायलाही कधी नाव हाती घेतलेले नसते. पितृऋण फेडू पाहणाऱ्याने आधी या ऋणाची आठवण ठेवावी.

म्हणून श्राद्धाच्या दिवशी पित्याचे नाव अवश्य घ्यावे, सत्य असेल तेवढे स्पष्ट सांगावे आणि त्याच्या बदल्यात काहीही मागू नये. मग पात्र उचलून ठेवावे आणि त्याने अर्धे सोडलेले जे काम घरात किंवा गावात पडून असेल, ते आपल्या हातांनी पुढे न्यावे. तिळोदकाने पितर तृप्त होतात अशी श्रद्धा आहे. त्या तृप्तीला पूर्णता येते ती या कर्माने.