यानातला साठा आणि परिग्रहाचे परिमाण

अंतराळावर बेतलेल्या रोल-प्लेइंग गेममध्ये खेळाडूला यान मिळते आणि यानासोबत मालाचे गोदाम मिळते. त्याला कार्गो होल्ड म्हणतात, आणि त्याला माप असते. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांच्या 1984 सालच्या 'एलिट'मध्ये कोब्रा मार्क थ्री या यानात 20 टन माल मावत असे. पैसे मोजून जादा जागा बसवली की 35 टन. बेथेस्डा गेम स्टुडिओजचा 'स्टारफील्ड' सप्टेंबर 2023मध्ये आला. त्यात सुरुवातीला हाती येणाऱ्या 'फ्रंटियर' यानाची मालक्षमता 450 आहे, आणि ती लवकरच अपुरी पडू लागते. साठ्याची व्यवस्था हा खेळाचा दुय्यम भाग समजला जातो, पण खेळाडूचा बराच वेळ तिथेच जातो. हा साठा परिग्रह ठरतो का, असा प्रश्न अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या परंपरांना विचारता येतो. वस्तूच खऱ्या नसल्यामुळे तो पोरकट वाटण्याचा संभव आहे. मात्र परिग्रह वस्तूत असतो की मनात, हे तपासायला खऱ्या वस्तू नसलेला प्रसंगच अधिक उपयोगाचा आहे.

'स्टारफील्ड'मध्ये जवळजवळ सगळेच उचलता येते: खनिजे, बंदुका, स्पेससूट, औषधे, खाण्याची पाकिटे, टेबलावरचा मगसुद्धा. अंगावरचे ओझे मर्यादेबाहेर गेले की धावताना ऑक्सिजन भराभर संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि शेवटी प्रकृती ढासळू लागते. मग खेळाडू काही माल सोबत्याच्या अंगावर देतो, काही यानात टाकतो, एखाद्या ग्रहावर तळ उभारून तिथे पेट्या मांडतो. न्यू अटलांटिस शहरातल्या 'लॉज'मध्ये त्याला एक खोली मिळते. तिथल्या तिजोरीला मर्यादाच नाही. माल विकावा म्हटले तर दुकानदाराकडे ठरावीकच क्रेडिट असतात, ते संपले की विक्री थांबते. क्रेडिटना मात्र वजन नाही. कितीही जमवले तरी यान जड होत नाही. आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. मोठा होल्ड बसवला की यानाचे वस्तुमान वाढते आणि ते वळायला सुस्त होते. होल्ड रिकामा असला तरी हा भार पडतोच.

एखाद्या ओसाड प्रयोगशाळेतून बाहेर पडलेला खेळाडू यानाच्या दाराशी थांबून यादी उघडतो. त्यात दोन एकसारख्या रायफली असतात, मागच्या मोहिमेतले हेल्मेट असते, लोखंड आणि ॲल्युमिनियमचे ढीग असतात. हेल्मेट टाकून द्यायचे ठरते, तेवढ्यात बोट थबकते. 'लागेल कधीतरी.' पवईच्या एखाद्या फ्लॅटमध्ये मिक्सरचे रिकामे खोके ज्या वाक्याच्या जोरावर पोटमाळ्यावर चढते, तेच हे वाक्य. फरक इतकाच की घरातल्या खोक्याला निदान जागा लागते. हेल्मेटला स्मृतीतले काही बाइट पुरतात. तरीही थबकणे दोन्हीकडे सारखेच असते.

खऱ्या यानात भरायच्या मालाचे माप काढण्याचा अनुभव पवईला आहे. 1958 साली स्थापन झालेल्या तिथल्या आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी 'प्रथम' हा उपग्रह बनवला. 26 सप्टेंबर 2016 रोजी तो श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी35 या प्रक्षेपकातून अवकाशात गेला. त्या उड्डाणात स्कॅटसॅट-1 हा मुख्य उपग्रह धरून एकूण 8 उपग्रह होते आणि ते दोन वेगवेगळ्या कक्षांत सोडायचे होते. 'प्रथम'च्या वाट्याला सुमारे 10 किलो वजन आले. आयनावरणातल्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण मोजणे हे त्याचे काम. सांगाडा, सौरपट्ट्या, बॅटरी, दिशा सांभाळणारी यंत्रणा, अँटेना हे सगळे त्या 10 किलोंत बसवायचे होते. इथे 'लागेल कधीतरी' म्हणून काहीच आत जाऊ शकत नाही. प्रत्येक भागाला आपले काम सांगावे लागते. 1969 साली अपोलो 11च्या अंतराळवीरांनी चंद्रावरून सुमारे 21.5 किलो दगडमाती आणली. परतताना भार हलका राहावा म्हणून पाठीवरच्या प्राणवायूच्या यंत्रणा त्यांनी चंद्रावरच टाकून दिल्या.

हा काटेकोरपणा कौतुकाचा आहे, पण तो अपरिग्रह नाही. ग्रॅम मोजणारा अभियंता वस्तूंचा मोह सोडत नसतो. भौतिकशास्त्र त्याला दुसरा मार्गच ठेवत नाही. उद्या जास्त ताकदीचे रॉकेट मिळाले तर तो जास्त माल नेईल, आणि त्यात गैर काहीच नाही. क्षमतेची मर्यादा बाहेरून पडते, व्रताची मर्यादा माणूस स्वतः आखतो. खेळातल्या होल्डची मर्यादा पहिल्या प्रकारची असते, म्हणून ती कोणाला विरक्त करत नाही, उलट मोठ्या होल्डची ओढ लावते.

दुसऱ्या प्रकारच्या मर्यादेचा सर्वांत बारीक विचार जैन परंपरेने केला आहे. साधूसाठी अपरिग्रह हे महाव्रत आहे. गृहस्थासाठी पाचवे अणुव्रत आहे, त्याचे नाव परिग्रहपरिमाण. संसारी माणसाने सगळे सोडावे अशी अपेक्षा त्यात नाही. शेत, घर, सोने, चांदी, गुरे, धान्य, नोकरचाकर, कपडे, भांडी यांपैकी काय किती ठेवायचे हे त्याने आधी ठरवायचे आणि त्यापुढे जायचे नाही. 'तत्त्वार्थसूत्रा'त उमास्वातींनी परिग्रहाचे लक्षण मूर्च्छा असे दिले आहे, म्हणजे 'हे माझे' या भावनेत मनाने गुरफटून जाणे. या लक्षणामुळे प्रश्नाची दिशाच बदलते. वस्तू किती, कोणती, खरी की खोटी, ही चौकशी मागे पडते. हेल्मेट पडद्यावरचे असले तरी थबकणारे मन पडद्यावरचे नसते.

समंतभद्रांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत मोडण्याच्या काठावर नेणारे दोष, सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, विस्मय, लोभ आणि अतिभारवहन. शेवटचा दोष जनावरावर त्याच्या ताकदीबाहेर ओझे लादण्याचा. 'तत्त्वार्थसूत्रा'त अतिरिक्त भार लादणे हा अहिंसाव्रताचाही अतिचार मानला आहे. म्हणजे साठवणाऱ्याचा हव्यास शेवटी कोणाच्या तरी पाठीवर जातो, हे या शास्त्रकारांनी नेमके टिपले होते. खेळात ती पाठ सोबत्याची किंवा यानाची असते आणि तिला वेदना होत नाहीत. गृहस्थाच्या व्यवहारात ती बैलाची असे, आज हमालाची किंवा सामान पोचवणाऱ्या मुलाची असते.

बाराव्या शतकातल्या हेमचंद्रांच्या 'योगशास्त्रा'त तर पळवाटांचीच नोंद आहे. दोनच घरांचे व्रत घेतलेला माणूस तिसरे घर शेजारी घेतो आणि मधली भिंत पाडून त्याला एकच म्हणतो. मर्यादेबाहेरचे सोने व्रताची मुदत संपेपर्यंत दुसऱ्याकडे ठेवायला देतो. गाभण गाईच्या पोटातले वासरू मोजत नाही. आकडा शाबूत राहतो आणि व्रत मात्र पोकळ होते. सोबत्याच्या अंगावर माल देणारा, यानाला होल्डवर होल्ड जोडणारा खेळाडू याच वाटांनी चालतो. त्याने व्रत घेतलेले नसते, त्यामुळे त्याच्यावर दोष येत नाही. पण मर्यादेला वळसा घालण्याच्या मनाच्या युक्त्या आठ-नऊशे वर्षांत बदललेल्या नाहीत, एवढे दिसते.

यावर एक सबळ आक्षेप आहे. अपरिग्रहाचा आग्रह प्रामुख्याने दुसऱ्यासाठी धरला जातो. महात्मा गांधींनी 1930 साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांवर पत्रे लिहिली, ती 'मंगल प्रभात' या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांत त्यांनी अपरिग्रहाचा संबंध अस्तेयाशी जोडला: आज गरज नसलेली वस्तू साठवणे हे चोरीच्या जवळचे आहे, कारण ती दुसऱ्या कोणाला हवी असते. तुकारामांच्या चरित्रपरंपरेत हीच बाजू ठळक आहे. 1630च्या सुमाराच्या दुष्काळानंतर त्यांनी सावकारीची खतपत्रे वाटून घेतली, भाऊ कान्होबाचा हिस्सा त्याला दिला आणि आपला इंद्रायणीत बुडवला, असे सांगतात. खत म्हणजे धान्यही नव्हे, सोनेही नव्हे, कागदावरचा आकडाच. पण त्या आकड्याच्या दुसऱ्या टोकाला कर्जदार होता, म्हणून तो बुडवताच कोणीतरी मोकळे झाले. न्यू अटलांटिसमधल्या तिजोरीच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नाही. तिथे हजार रायफली पडून राहिल्या तरी कोणाची ताटातली भाकरी कमी होत नाही. मग दोष कसला?

सामाजिक बाजूने पाहिले तर हा आक्षेप मान्य करावा लागतो. खेळातला साठा चोरी नाही. पण दुसरी बाजू उरते, आणि खेळात ती इतर कशाचीही भेसळ न होता दिसते. पतंजलींच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाची कारणे देताना विषयांमधले पाच दोष सांगितले आहेत: मिळवण्याचा, राखण्याचा, नाशाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. खेळाच्या साठ्याला ही फूटपट्टी लावली तर मिळवण्यात खरा वेळ जातो, राखण्यात खरे लक्ष गुंतते, जतन केलेली फाइल बिघडली की खरी हळहळ होते, आणि आसक्ती तर मुळातच मनाची. पाचवा दोष तेवढा खोटा आहे. मारलेल्या चाच्यांच्या अंगावरून लूट घेतली तरी कोणी मेलेले नसते. पाचांतले चार खरे निघतात. गांधींनीही त्याच पत्रांत हे व्रत वस्तूंपुरते ठेवले नव्हते. डोक्यात निरुपयोगी विचार भरून ठेवणे हाही त्यांच्या लेखी परिग्रहच होता.

वेदान्ताची भूमिका याच दिशेची आहे. पवईत चिन्मय मिशनचे सांदीपनी साधनालय 1963 पासून निवासी वेदान्तशिक्षण देत आले आहे. वेदान्ताच्या प्रारंभिक अभ्यासात 'तत्त्वबोध' हा छोटा ग्रंथ असतो. त्यात वैराग्याची व्याख्या करताना इहलोकातल्या भोगांसोबत परलोकातल्या भोगांचीही इच्छा नसणे अपेक्षिले आहे. स्वर्ग कोणी पाहिलेला नसतो, तरी त्याची आस सोडावी लागते. न पाहिलेल्या लोकातल्या भोगांना जिथे सूट नाही, तिथे पडद्यावरच्या ग्रहाला ती कशी मिळेल?

'स्टारफील्ड'च्या कथेचा शेवट या प्रश्नाला थेट भिडतो. 'युनिटी' नावाच्या द्वारातून पुढे गेले की खेळाडू दुसऱ्या विश्वात नव्याने सुरुवात करतो. याने, तळ, शस्त्रे, क्रेडिट, ती अमर्याद तिजोरी, सगळे मागे राहते. सोबत येतात ती अंगी बाणलेली कौशल्ये आणि मिळालेल्या शक्ती. पुनर्जन्म आणि संस्कार मानणाऱ्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. याला त्याग म्हणावे का? गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार आहेत. शरीराला कष्ट होतील या भयाने सोडणे हा राजस त्याग, आणि त्याने त्यागाचे फळ मिळत नाही, असे तिथे म्हटले आहे. ऑक्सिजन संपतो म्हणून टाकलेले हेल्मेट राजस त्यागातच जमा होते. युनिटीपाशी मात्र खेळाडूला मागे फिरण्याची मुभा असते, म्हणून तिथले सोडणे अधिक मोलाचे. पण पलीकडे नवे यान आणि नवा सूट ठेवलेला असतो, आणि ते मिळवण्यासाठीच द्वार ओलांडले तर तो सौदा झाला. कृती तीच राहते. हेतू काय होता हे खेळाडूलाच ठाऊक असते.

तेव्हा निर्णय असा: यानातला साठा दुसऱ्याच्या वाट्यावर घाला घालत नाही, म्हणून तो पाप नाही, पण मूर्च्छा जिथे आहे तिथे तो परिग्रह आहे. त्यावर उपाय म्हणून खेळ बंद करण्याची गरज नाही. भोगोपभोगाच्या मर्यादेबद्दल 'रत्नकरंडका'त यम आणि नियम असा फरक केला आहे. यम जन्मभरासाठी, नियम ठरावीक मुदतीपुरता. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, सहा महिने, कितीही. खेळाडूने असा नियम एका खेळापुरता घेऊन पाहावा. होल्ड 450च्या पुढे वाढवायचा नाही, तिजोरी उघडायची नाही, सोबत्याच्या अंगावर काही द्यायचे नाही, आणि जे मावत नाही ते जिथे सापडले तिथेच राहू द्यायचे.