ओस पडणारीं उपासनामंदिरें

आषाढी एकादशीपूर्वीं तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापुराकडे जाते, तेव्हां रस्त्याच्या कडेला उभे असतां आम्हांस एकच प्रश्न पडतो. ज्यांच्या मागें एवढा जनसमुदाय चालतो, त्यांचेच अभंग उपासनेंत गाणाऱ्या प्रार्थनासमाजाचीं बांकें रिकामीं कां? १८६७ सालीं मुंबईंत हा समाज स्थापन झाला. रानडे-भांडारकरांसारखे धुरीण त्यास लाभले. तत्त्वांतही खोट नव्हती.

शिक्षण वाढलें व श्रद्धा गेली, असें इंग्लंडांतील ओस चर्चांविषयीं सांगतात, तेंच इकडेही सांगितलें जातें. परंतु वारकऱ्यांचीं मुलेंही आतां शिकलेलीं आहेत आणि तीं दिंडींत चालतात! आमच्या मतें भेद निराळाच आहे. उपासनामंदिरांत एक बोलतो, इतर ऐकतात. दिंडींत नुसता श्रोता असा कोणीच नसतो. कोणाच्या गळ्यांत वीणा, कोणाच्या हातीं टाळ, एखाद्या म्हातारीच्या डोक्यावर तुळस. ती न आली तर तिची जागा रिती दिसते.

ख्रिस्ती मंडळींत हें रेव्हरंड ना. वा. टिळकांनीं ओळखलें होतें. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ काढला व बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही त्यांत जागा दिली. १९१९ सालीं ते वारले. त्यांचीं भजनें मंडळींनीं ठेवून घेतलीं. दरबार मागें पडला.

तेव्हां उपासनेच्या दिवशीं अभंग कोणीं निवडावा, वाचन कोणीं करावें, आजाऱ्याच्या घरीं कोणीं जावें, हें सर्वांत वांटून द्यावें, आणि वक्त्यानें अर्धा वेळ खालीं बसावें. तीस वर्षें बोलण्याची संवय जडलेल्या आम्हां प्राध्यापकांसच हें सर्वांत जड जाईल.